एस्टोनियनमधली जर-तरची वाक्यं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टार्टूत राहते आणि इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना एस्टोनियनचे पहिले धडे गिरवायला मदत करते. कुणी युनिव्हर्सिटीत शिकायला आलेलं असतं, कुणी टॅलिनला आयटीत असतं, कुणी लग्न होऊन आलेलं असतं. विभक्त्या चौदा आहेत म्हणून सगळे आधी त्यांनाच घाबरतात, पण मला येणारे सगळ्यात जास्त मेसेज मात्र जर-तरचे असतात, आणि त्यातले अर्धे तरी गोंधळ इंग्रजीवरून एस्टोनियन शिकल्यामुळे झालेले असतात. म्हणून तेच तेच प्रश्न इथे एका जागी आणलेत.

उच्चाराबद्दल आधी सांगते. एस्टोनियन शब्द सगळे देवनागरीत लिहिलेत. स्वर लांबवायचा असेल तिथे ऽ टाकलाय, तो खरंच लांबवा, कारण लांबीने अर्थ बदलतो. ॲ म्हणजे आपल्या 'बॅट'मधला. एक स्वर आपल्याकडे नाहीच, ओठ गोल न करता 'ओ' म्हणून बघा म्हणजे जवळपास पोचाल, तो मी 'अ' असा लिहिलाय.

१. एस्टोनियनमध्ये 'जर' आणि 'तर' ला काय म्हणतात?

जर म्हणजे कुइ, तर म्हणजे सीस. पण नुसतं एवढं पाठ करून भागत नाही. आपण बोलताना जर गाळतो आणि तर ठेवतो. 'उद्या पाऊस आला तर घरी थांबेन', यात जर कुठे आहे? नाहीच, आणि कुणाला त्याची उणीव भासत पण नाही. एस्टोनियन लोक याच्या बरोबर उलटं करतात, ते कुइ ठेवतात आणि सीस गाळतात. 'कुइ होम्मे सायाब, यॅऽन कोयु.' होम्मे म्हणजे उद्या, सायाब म्हणजे पाऊस पडतो, यॅऽन कोयु म्हणजे घरी थांबते. सीस कुठेच नाही. घातलंत तर चूक नाही, लांबलचक वाक्यात ते बरंच वाटतं. पण मराठीच्या सवयीने कुइ गाळलंत तर समोरच्याला दोन सुटी वाक्यं ऐकू येतील, 'उद्या पाऊस पडतो. घरी थांबते.' कुइ गाळायची एकच रीत आहे, ती प्रश्न ११ मध्ये.

२. जर-तरचे किती प्रकार शिकायचे? इंग्रजीत झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे होते.

ते नंबर विसरा. इथे प्रश्न एकच विचारायचा, ही गोष्ट खरंच होऊ शकते म्हणून बोलतोय, की नुसती कल्पना करतोय? होऊ शकत असेल तर साधं क्रियापद, वर्तमानकाळातलं. एस्टोनियनला वेगळा भविष्यकाळ नाहीच, त्यामुळे 'थांबेन' ला पण 'यॅऽन' हेच. कल्पना असेल तर क्रियापदात क्स घालायचं. घडून गेलेल्या गोष्टीची कल्पना असेल तर त्याचं जोडरूप लागतं (प्रश्न ६).

३. हा क्स नक्की लावायचा कुठे?

'मी'चं वर्तमानकाळी रूप घ्या, शेवटचा न काढा, क्स लावा, मग पुरुषाचा प्रत्यय. तेऽन म्हणजे मी करते. न काढला, तेऽ उरलं. आता:

मा तेऽक्सिन (मी), सा तेऽक्सिद (तू), ता तेऽक्स (तो किंवा ती, लिंगभेद नाहीच), मे तेऽक्सिमे (आम्ही किंवा आपण), ते तेऽक्सिते (तुम्ही), नाद तेऽक्सिद (ते लोक).

डिक्शनरीत सापडणाऱ्या रूपापासून सुरुवात करू नका, सगळे तिथेच फसतात. डिक्शनरीत 'तेगेमा' असतं, म्हणून लोक 'तेगेक्सिन' म्हणतात. 'मिनेमा' म्हणजे जाणे, पण मी जाते म्हणजे लॅहेन, म्हणून लॅहेक्सिन. लुगेमा, लोएन, लोएक्सिन (वाचणे). नॅगेमा, नॅएन, नॅएक्सिन (बघणे, दिसणे). ताह्तमा, ताहान, ताहाक्सिन (पाहिजे असणे). असणे म्हणजे ओलेमा, त्याचं ओलेन, ओलेक्सिन, आणि तिसऱ्या पुरुषात साध्या वर्तमानकाळात 'ओन' होत असलं तरी क्सबरोबर मूळ ओलेच येतं, ओलेक्स. 'मी'चं रूप पक्कं असेल तर या प्रकरणात अपवाद जवळजवळ नाहीतच, आणि एस्टोनियनमध्ये असं फार कमी ठिकाणी म्हणता येतं म्हणून मी हे आवर्जून सांगते. शंका आली तर 'सनावेऽब' या फुकट ऑनलाइन शब्दकोशात कुठलंही क्रियापद टाका, सगळी रूपं तक्त्यात मिळतात, तो इथल्या एस्टोनियन भाषा संस्थेचाच आहे त्यामुळे डोळे मिटून विश्वास ठेवा.

४. इंग्रजीत 'इफ'च्या भागात 'वुड' चालत नाही. मग कुइच्या भागात क्स चालतो का?

चालतो काय, लागतोच. दोन्हीकडे लागतो. आणि मराठी माणसाला तर हे सगळ्यात आधी सुचायला हवं, कारण आपण पण दोन्हीकडे लावतो.

'माझ्याकडे पैसे असते तर गाडी घेतली असती.'
'कुइ मुल ओलेक्स राहा, ओस्ताक्सिन आउतो.'

मुल म्हणजे माझ्याकडे, राहा म्हणजे पैसे, आउतो म्हणजे गाडी. इकडे असते, तिकडे असती. इकडे ओलेक्स, तिकडे ओस्ताक्सिन. सांधा अगदी तसाच.

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी 'इफनंतर वुड नाही, भूतकाळ लावा' हे इतकं घोटून घेतलेलं असतं की लोक इथे येऊन पण कुइच्या भागात भूतकाळ घालतात, 'कुइ मुल ओलि राहा'. ओलि म्हणजे होता. आता याचा अर्थ झाला 'माझ्याकडे पैसे होते तेव्हा'. ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही जुन्या बऱ्या दिवसांची आठवण सांगताय. हा घोटाळा मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता पहिल्याच दिवशी सांगून टाकते, जर-तरची वाक्यं मनात इंग्रजीत जुळवू नका, मराठीत जुळवा.

५. पण मराठीत 'असेल तर', 'असला तर', 'असता तर' अशी तीन रूपं आहेत. कुठलं कुठे जातं?

खूप चांगला प्रश्न, आणि हा नीट समजला की निम्मं काम झालं.

'असेल तर' आणि 'असला तर' दोन्ही साध्या वर्तमानकाळात जातात. 'वेळ असेल तर ये' आणि 'वेळ असला तर ये' यांत आपल्याला बारीकसा फरक जाणवतो, एस्टोनियनमध्ये दोन्हींसाठी एकच, 'कुइ सुल ओन आएगा, तुले.' सुल म्हणजे तुझ्याकडे, आएगा म्हणजे वेळ.

'असता तर' क्समध्ये जातं. 'वेळ असता तर आले असते', 'कुइ मुल ओलेक्स आएगा, तुलेक्सिन.'

आता मराठीवरून जाताना दोन खड्डे लागतात. पहिला असा, आपण पुढे होणाऱ्या गोष्टीला भूतकाळाचं रूप वापरतो. 'तो आला तर सांगेन', आलेला तर नाहीये अजून. हे जसंच्या तसं नेऊन 'कुइ ता तुलि' म्हणालात तर ते 'तो आला तेव्हा' होतं. म्हणायचं 'कुइ ता तुलेब', येतो.

दुसरा खड्डा थोडा खोल आहे. उद्याची गोष्ट आहे, होईल असं वाटत नाही, पण समजा झालीच तर? 'उद्या पाऊस आलाच तर मी घरी थांबेन.' इथे आपण 'आला असता तर' म्हणत नाही, कानाला विचित्र लागतं. पण एस्टोनियन माणूस इथे खुशाल क्स लावतो, 'कुइ होम्मे सायाक्स, यॅऽक्सिन कोयु.' म्हणजे तुमच्या मनात 'समजा' किंवा 'आलाच तर' असेल तरी क्स लावता येतो. 'सायाब' म्हटलं तर पावसाची शक्यता धरून चाललोय, 'सायाक्स' म्हटलं तर नुसता विचार करून बघतोय. दोन्ही बरोबर, फरक बोलणाऱ्याच्या अंदाजाचा.

६. 'गाडी घेतली असती' हे आत्ताबद्दल की मागच्या वर्षीबद्दल? एस्टोनियनमध्ये फरक करतात का?

करतात, आणि इथे मात्र मराठी आपल्याला मदत करत नाही. 'पैसे असते तर गाडी घेतली असती' हे आपण आजच्याबद्दल पण म्हणतो आणि गेल्या दिवाळीबद्दल पण म्हणतो, बाकी संदर्भावरून कळतं. एस्टोनियनला ते उघड सांगावं लागतं.

आत्ता पैसे नाहीत: कुइ मुल ओलेक्स राहा, ओस्ताक्सिन आउतो.
तेव्हा नव्हते: कुइ मुल ओलेक्स ओल्नुद राहा, ओलेक्सिन आउतो ओस्त्नुद.

म्हणजे ओलेक्सिन, ओलेक्सिद, ओलेक्स वगैरे, आणि त्याच्याबरोबर मूळ क्रियापदाचं नुद रूप. तुल्नुद, तेइनुद, ओल्नुद. हे नुद कुणासाठीच बदलत नाही. आपल्याकडे घेतलं, घेतली, घेतले अशी लिंग-वचनाची कसरत असते, इथे ती नाही.

एका वाक्यात दोन्ही काळ मिसळले तरी चालतं. 'तेव्हा जास्त अभ्यास केला असता तर आत्ता चांगलं बोलले असते' यात पहिला भाग तेव्हाचा, दुसरा आत्ताचा: 'कुइ मा ओलेक्सिन रोह्केम अप्पिनुद, रॅऽगिक्सिन प्राएगु पारेमिनि.' प्रत्येक भागाचा काळ वेगवेगळा विचारा, म्हणजे चुकणार नाही.

७. 'माझ्याकडे असते तर' मध्ये 'मी' आहे, मग 'कुइ मुल ओलेक्सिन' का नाही?

कारण तिथे कर्ता तुम्ही नाही, पैसे आहेत. आपण पण 'माझ्याकडे पैसे असतो' म्हणत नाही ना? असते, कारण पैसे. मुल, सुल, ताल ही सगळी 'च्याकडे'ची रूपं आहेत आणि क्रियापद त्या वस्तूप्रमाणे चालतं, म्हणून ओलेक्स. इंग्रजीतून 'आय हॅव' असा विचार केला की चूक होते, 'माझ्याकडे आहे' असा केला की होत नाही.

८. नकार कसा करायचा? आणि हे 'पोलेक्स' काय आहे?

पुढे एइ लावा आणि क्सच्या मागचा पुरुषाचा प्रत्यय काढून टाका. मा एइ तेऽक्स, सा एइ तेऽक्स, नाद एइ तेऽक्स, सगळ्यांना एकच. 'मा एइ तेऽक्सिन' असं कधीच होत नाही. 'एइ ओलेक्स' चं जोडून पोलेक्स होतं आणि बोलताना ते सतत कानावर पडतं. 'माहीत असतं तर आलेच नसते' म्हणजे 'कुइ मा ओलेक्सिन तेआद्नुद, पोलेक्स मा तुल्नुद.' आपलं पण 'नसते' असंच जोडून झालेलं आहे, न आणि असते, त्यामुळे पोलेक्सला घाबरायचं कारण नाही.

९. माझे ऑफिसमधले सहकारी 'मा तेऽक्स' म्हणतात, पुस्तकात 'मा तेऽक्सिन' आहे. कोण बरोबर?

दोघंही. होकारी वाक्यात प्रत्यय गाळायला परवानगी आहे, अगदी प्रमाण भाषेत पण. अट एवढीच की मग मा, सा, मे हे सर्वनाम बोलावं लागतं, नाहीतर नुसतं 'तेऽक्स' ऐकून तो करेल की मी करेन ते कळत नाही. आणि उलटं, तेऽक्सिन म्हटलंत तर मा गाळला तरी चालतो. 'तेऽक्सिद'ला मात्र सर्वनाम ठेवलेलं बरं, कारण 'तू' आणि 'ते लोक' दोघांचं रूप एकच आहे. परीक्षेत काय लिहू असं विचारणाऱ्यांना मी पूर्ण रूप लिहा म्हणते, नागरिकत्वासाठी बी-वन लेव्हलची परीक्षा असते, तिथे पूर्ण रूप लिहिलंत की ते तुम्हाला येतं हे कागदावर दिसतं.

१०. कुइ म्हणजे 'जर' की 'जेव्हा'? मला दोन्ही अर्थ दिसतात.

दोन्ही. आणि तिसरा, चौथा पण आहे. 'कुइ ता तुलेब, हेलिस्तान सुल्ले' याचा अर्थ 'तो आला तर तुला फोन करते' पण होतो आणि 'तो आला की फोन करते' पण होतो. सुरुवातीला याचा फार त्रास होतो, मग लक्षात येतं की आपलं 'आला की' सुद्धा असंच मधलं आहे. जिथे स्पष्ट करायचंच असेल तिथे शब्द वाढवतात: युहुल कुइ म्हणजे जर तसं झालंच तर, सीस, कुइ म्हणजे तेव्हा, नीपेआ कुइ म्हणजे येताक्षणी. क्स आला की मात्र शंका उरत नाही, कुइ आणि क्स एकत्र म्हणजे कल्पनेतलं 'जर'.

बाकीचे अर्थ: तुलनेत 'पेक्षा' म्हणून कुइच येतं, आणि दुकानात 'केवढ्याला' विचारायला 'कुइ पाल्यु सेऽ माक्साब?' मध्ये पण तेच.

'येईल का माहीत नाही' यात मात्र कुइ चालत नाही. इंग्रजीत तिथे पण 'इफ' येतं म्हणून लोक कुइ घालतात. एस्टोनियनमध्ये तिथे कास लागतं, 'मा एइ तेआ, कास ता तुलेब.' मनातल्या मराठी वाक्यात 'का' किंवा 'की नाही' आलं तर कास, 'तर' आलं तर कुइ. ही खूण कधी फसलेली नाही.

११. कुइशिवाय जर-तर होतं असं ऐकलं. कसं?

क्सवालं क्रियापद उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवायचं. 'ओलेक्स मुल आएगा, तुलेक्सिन कोहे', वेळ असता तर लगेच आले असते. हे फक्त कल्पनेच्या वाक्यात करा.

याच रचनेतून मनातली इच्छा पण बाहेर पडते, तेव्हा दुसरा भाग येतच नाही. फेब्रुवारीत संध्याकाळी बसस्टॉपवर उभं असताना, बर्फ चिखलासारखा झालेला, शेजारच्या आजी माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, 'ओलेक्स युबा सुवि!' युबा म्हणजे एव्हाना, सुवि म्हणजे उन्हाळा. उन्हाळा आला असता एकदाचा! मी तोवर हे रूप पुस्तकात तीनदा वाचलं होतं आणि तिन्ही वेळा विसरले होते, त्या दिवसानंतर विसरले नाही. आपल्याकडे 'असता तर किती बरं झालं असतं' असं लांबवावं लागतं, त्यांना तीन शब्द पुरतात.

१२. 'आत्याबाईला मिश्या असत्या तर' हे एस्टोनियनमध्ये कसं सांगू? सहकाऱ्यांना समजावायचंय.

असं सांगा: 'कुइ तॅदिल ओलेक्सिद वुन्त्सिद, ओलेक्स ता ओनु.' तॅदि म्हणजे मावशी-आत्या काहीही, ओनु म्हणजे मामा-काका काहीही, नात्यांची आपल्याइतकी विभागणी या शब्दांत नाही. मिश्या अनेकवचनी म्हणून पहिल्या भागात ओलेक्सिद, आत्या एकटी म्हणून दुसऱ्यात ओलेक्स. त्यांना लगेच कळेल, कारण त्यांची स्वतःची म्हण आहे 'ओलेक्स ओन पाहा पोइस', म्हणजे 'असतं तर' हा वाईट पोरगा आहे. अमुक झालं असतं तर, तमुक झालं असतं तर, असं कुणी करत बसलं की हे म्हणतात.

१३. दुसऱ्या भागात शब्द उलटे का येतात? स्वल्पविराम कुठे द्यायचा?

कुइचा भाग आधी आला की पुढचा भाग क्रियापदाने सुरू करायचा, कर्ता त्याच्या मागे. 'कुइ सा तुलेद, ओलेन मा कोदुस', तू आलास तर मी असेन घरी. वर आत्याबाईच्या वाक्यात पण 'ओलेक्स ता', 'ता ओलेक्स' नाही. बोलताना लोक हे नेहमी पाळत नाहीत, पण लिहिताना पाळा. कुइचा भाग मागे आला तर मुख्य वाक्य नेहमीच्या क्रमाने राहतं.

स्वल्पविराम दोन भागांच्या मध्ये हवाच, कुइ आधी असो की नंतर. तो ऐच्छिक नाही. फक्त 'पेक्षा'वाल्या कुइच्या आधी नुसता शब्द असेल तर देत नाहीत.

१४. दुकानात, ऑफिसात क्स सारखा ऐकू येतो, तिथे तर कुठलंच 'जर' नसतं?

तो अदबीचा क्स. पहिल्या हिवाळ्यात मी कॅफेच्या काउंटरवर जाऊन म्हणायचे, 'मा ताहान कोह्वि.' व्याकरण बरोबर, कॉफी पण मिळायची. मग एकदा बरोबरच्या मैत्रिणीने बाहेर आल्यावर हळूच सांगितलं की हे 'मला कॉफी पाहिजे' असं हट्टाने मागितल्यासारखं लागतं. 'मा सोऽविक्सिन कोह्वि' म्हण, किंवा 'मा वताक्सिन'. तेव्हापासून मी नवीन माणसाला जर-तरच्या आधी हेच शिकवते, कारण जर-तरची वाक्यं महिन्यातून चार वेळा लागतील, पण हे रोज लागतं.

मदत मागायला 'कास ते साऽक्सिते मिन्द आइदाता?' म्हणजे मला जरा मदत कराल का. 'ते' म्हणजे आपलं तुम्ही, 'सा' म्हणजे तू, अनोळखी आणि वयाने मोठ्या माणसाला ते वापरायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही. सुचवायचं असेल तर 'सा वइक्सिद तुल्ला', येशील तर बरं, ये ना.

आणि इथेच प्रश्न ४ च्या नियमाला एक सवलत आहे. 'कुइ सुल ओन आएगा, वइक्सिद तुल्ला', वेळ असेल तर ये ना. पहिल्या भागात क्स नाही, दुसऱ्यात आहे. चूक नाही, कारण दुसरा क्स कल्पनेचा नाही, अदबीचा आहे.

१५. ताई, 'मी जायला हवं' आणि 'जायला हवं होतं' कसं म्हणायचं?

मा पेआन मिनेमा, मला जावंच लागेल. मा पेआक्सिन मिनेमा, मी जायला हवं. मा ओलेक्सिन पिदानुद मिनेमा, मी जायला हवं होतं (पण गेले नाही). क्सने सक्ती सल्ल्यावर येते. हाच पेआक्स अंदाजाला पण येतो, 'बुस पेआक्स तुलेमा केल काहेक्सा', बस आठला यायला हवी. आपण पण अंदाजाला 'यायला हवी' म्हणतो, त्यामुळे हे सरळ बसतं.

१६. 'मा ताहान, एत सा तुलेक्सिद' यात क्स कशाला? मला तर ती खरंच यायला हवी आहे.

कारण अजून आलेली नाही, येणं तुमच्या इच्छेत आहे. 'तू यावंस असं मला वाटतं' यात आपण जिथे 'यावंस' म्हणतो तिथे ते क्स लावतात. हेतू सांगताना पण तसंच, 'पानेन किर्या, एत मा एइ उनुस्ताक्स', विसरू नये म्हणून लिहून ठेवते. म्हणजे एत नंतर मराठीत 'वं' किंवा 'ऊ नये' येत असेल तर क्स लावा. पण 'मला माहीत आहे की तू येतेस' मध्ये एत असूनही क्स नाही, 'मा तेआन, एत सा तुलेद', कारण ती माहिती झाली, इच्छा नव्हे.

'जणू'ला पण क्स. 'ता रॅऽगिब, नागु ता तेआक्स कइके', जणू सगळं माहीत असल्यासारखा बोलतो. आणि 'कुणाला न कळता' म्हणजे 'इल्मा एत केगि तेआक्स'. या सगळ्यांत धागा एकच, ती गोष्ट प्रत्यक्षात घडली असं बोलणारा म्हणत नाहीये.

१७. 'पाऊस आला तरी जाऊ' आणि 'नाहीतर उशीर होईल' ही वाक्यं?

आपण 'तर'ला नुसती वेलांटी लावून 'तरी' करतो, ते कुइच्या आधी इसेगि लावतात: 'इसेगि कुइ सायाब, लॅह्मे.' नाहीतर म्हणजे मुइदु: 'तुले रुत्तु, मुइदु यॅऽमे हिल्याक्स', लवकर ये, नाहीतर उशीर होईल. त्या शेवटच्या क्सबद्दल पुढे वाचा.

१८. शब्दाच्या शेवटी क्स दिसला की जर-तर समजायचं का?

नाही, आणि यात अगदी हुशार लोक अडकतात. नामाला आणि विशेषणाला लागणारी एक विभक्ती पण क्सच आहे, 'अमुक होणे, अमुक बनणे' अशी. वरचं 'हिल्याक्स' हे तेच. डॉक्टर होणार म्हणजे 'साऽब आर्स्तिक्स'. कधी कधी दोन्ही क्स तंतोतंत एकसारखे दिसतात:

'वेसि मूतुब यॅऽक्स', पाण्याचा बर्फ होतो. यॅऽ म्हणजे बर्फ.
'ता यॅऽक्स कोयु', तो घरी थांबला असता. यॅऽ हे 'थांबणे'चं मूळ.

ओळखायचं कसं? वाक्यात दुसरं क्रियापद आहे का बघा. पहिल्यात मूतुब आहे, म्हणून यॅऽक्स नाम. दुसऱ्यात यॅऽक्स सोडून क्रियापदच नाही.

याहून अवघड जोडी 'योऽक्सिन'ची आहे. योऽन म्हणजे मी पिते, त्यावरून योऽक्सिन म्हणजे प्यायले असते. पण 'पळणे' या क्रियापदाच्या मुळातच क्स आहे, त्याचा साधा भूतकाळ पण योऽक्सिन, मी पळाले. 'मा योऽक्सिन वेत्त', पाणी प्यायले असते. 'मा योऽक्सिन कोयु', घरी पळाले. आणि 'पळाले असते' म्हणायला मुळातल्या क्सवर दुसरा क्स चढतो, योऽक्सेक्सिन. तसंच माक्साब (किंमत पडते) मधला क्स मुळातला आहे, त्यात 'जर' नाही. जर हवं तर माक्साक्स.

१९. बातम्यांमध्ये 'तुल्नुक्स', 'ओल्नुक्स' दिसतं. ते काय?

'ओलेक्स तुल्नुद' चंच एका शब्दात आवळलेलं रूप. अर्थ तोच, प्रश्न ६ मधला भूतकाळ. लेखनात जास्त दिसतं, गप्पांमध्ये कमी. ओळखता आलं की पुरे, स्वतः वापरायची घाई करू नका.

२०. 'इथे पूल बांधला तर' असं कर्ता न सांगता कसं बोलायचं?

एस्टोनियनमध्ये कर्ता लपवायचं वेगळं रूप आहे आणि त्याला पण क्स लागतो, ताक्स असं ऐकू येतं. 'कुइ सीआ एहिताताक्स सिल्द', इथे पूल बांधला जाईल अशी कल्पना केली तर. 'करणे'चं तेह्ताक्स. घडून गेलेल्या गोष्टीला 'ओलेक्स एहितातुद'. नकार नेहमीसारखा, एइ एहिताताक्स. यात पुरुषाप्रमाणे काहीच बदलत नाही.

२१. 'तो आला असता म्हणे' मधलं 'म्हणे' पण क्सनेच करतात का?

नाही. म्हणे साठी त्यांच्याकडे स्वतंत्र रूपच आहे, वात. ता तुलेब, तो येतो. ता तुलेक्स, तो आला असता. ता तुलेवात, तो येतो म्हणे. इंग्रजीवरून शिकणाऱ्यांना हे वात समजावताना शिक्षकांचा घाम निघतो, आपल्याला 'म्हणे' एवढं एक सांगितलं की कळतं. क्स म्हणजे माझी कल्पना, वात म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलेलं, मी जबाबदारी घेत नाही. एकाच क्रियापदावर दोन्ही एकदम चढवता येत नाहीत, त्यामुळे 'आला असता म्हणे' सरळ एका रूपात बसत नाही. तिथे वाक्य फोडायचं: 'रॅऽगिताक्से, एत ता ओलेक्स तुल्नुद', असं म्हणतात की तो आला असता. रॅऽगिताक्से म्हणजे 'लोक म्हणतात', त्यातला ताक्से साध्या वर्तमानकाळाचा आहे. तो वरच्या २० मधला ताक्स नव्हे, शेवटचा ए नीट ऐका.